अंजदीवचे ‘चर्च’ : एका उताऱ्याचे परीक्षण

मंडळीच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास ओहोटीच्या बेटांचे एक विशेष आकर्षण वाटत आले आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिसफार्न हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या शेजारी, दिवसातून दोनदा सुटणारे व दोनदा जोडले जाणारे, एक चिमुकले निर्जन बेट आहे. संत कथबर्ट सातव्या शतकात एकांतवासासाठी प्रथम तेथेच गेला असे मानतात. गवतातून डोकावणारा एका लहान प्रार्थनामंदिराचा पाया तेथे आजही दिसतो. मात्र तो कथबर्टच्या काळचा नसून कित्येक शतकांनंतरचा आहे. अलिबागचा कुलाबा किल्ला ज्यांनी घोटाभर पाण्यातून चालत जाऊन पाहिला आहे, त्यांना अशा जागेचे मनावर काय होते हे सांगावयास नको. पाणी, पडकी भिंत, गोड्या पाण्याची विहीर आणि माणसांची अनुपस्थिती एवढे एकत्र आले की मन पुराव्याची वाट पाहत नाही.

काही वर्षांपूर्वी भोपाळमधील मराठी ख्रिस्ती बांधवांच्या एका अभ्यासवर्गात लिंडिसफार्नचा विषय निघाला असता एका विद्यार्थ्याने प्रश्न केला की, “सर, आपल्या किनाऱ्यावर असे एखादे बेट नाही का?” भोपाळला समुद्र नाही, बड्या तलावातील टाकिया नावाचे बेट आणि त्यावरील पीराची कबर एवढाच येथील मुलांचा बेटांशी परिचय. तेव्हा आम्ही मोठ्या उत्साहाने उत्तर दिले की, आहे; गोव्याच्या दक्षिण टोकास, कारवारसमोर, अंजदीव. पोर्तुगीज तेथे प्रथम उतरले तेव्हा त्यांना एका प्राचीन चर्चचे भग्नावशेष आढळले, असे खुद्द वास्को द गामाच्या सहप्रवाशाने लिहून ठेवले आहे. वर्गाला हे उत्तर फार आवडले. फळ्यावरील कालपटात आम्ही ते लिहिलेही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचे परीक्षण होय. कारण ज्या उताऱ्याच्या आधारावर आम्ही ते दिले होते तो उतारा पुढे आम्ही मुळापासून, सावकाश वाचला.

अंजदीव हे फार तर दीड किलोमीटर लांबीचे, चिंचोळे, खडकाळ बेट. किनाऱ्यापासून ते जवळ असले तरी काटेकोर अर्थाने ओहोटीचे बेट नव्हे. मधला समुद्र कधीच पूर्णपणे हटत नसे. प्रशासनाच्या दृष्टीने ते गोव्याच्या काणकोण तालुक्यात मोडते, भूगोलाच्या दृष्टीने मात्र कारवारच्या कुशीत आहे. तेथे गोडे पाणी मिळते, आणि नैर्ऋत्येकडील वाऱ्यापासून जहाजांना आडोसा मिळतो. या दोन गोष्टींमुळे जे जे समुद्रमार्गे आले त्यांची पावले तेथे उमटली.

आता उतारा. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीची एक दैनंदिनी उपलब्ध आहे. तिच्यावर लेखकाचे नाव नाही. ती बहुधा आल्वारू वेल्यु याची असावी असे मानले जाते. तिची एकमेव हस्तलिखित प्रत पोर्तु शहराच्या ग्रंथालयात असून ती प्रथम १८३८ मध्ये छापली गेली व १८९८ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर झाले. कालिकतहून परतताना, सप्टेंबर १४९८ च्या उत्तरार्धात, ही जहाजे डागडुजीसाठी व पाण्यासाठी अंजदीवला थांबली. त्या मुक्कामाच्या वर्णनात दैनंदिनीकार सांगतो की, बेटावर घडीव दगडांचे एक मोठे चर्च आहे. तेथील लोकांच्या सांगण्याप्रमाणे ते मुसलमानांनी उद्ध्वस्त केले. केवळ त्याचा गाभा शिल्लक राहिला असून तो गवताने शाकारला आहे. त्या गाभ्याच्या मध्यभागी तीन काळे दगड उभे आहेत व लोक त्यांची प्रार्थना करतात. चर्चच्या पलीकडे त्याच घडणीचे पाण्याचे एक टाके आहे. बेटाच्या माथ्यावर दुसरे, त्याहून मोठे.

यावर भाष्य करावयाचे तर काय करावे! मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर हे वर्णन वाचताच जे उभे राहते ते चर्च नव्हे. घडीव दगडी बांधकाम, गाभारा, मध्यभागी काळे पाषाण, समोर पुष्करिणी. कोकणातील कोणत्याही गावाच्या वेशीवरचे हे चित्र आहे. एक गंमतीची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. दैनंदिनीकाराने वापरलेला पोर्तुगीज शब्द आहे ‘इग्रेजा’. गोव्याच्या कोकणीतील ‘इगर्ज’ त्यापासूनच आला. परंतु आपल्या ग्रामीण ख्रिस्ती मंडळींत आजही पुष्कळ ठिकाणी उपासनामंदिराला सरळ ‘देऊळ’ म्हणतात, आणि थॉमस स्टीफन्सपासून आपली धार्मिक मराठी याच शब्दसंपत्तीवर पोसलेली आहे. तेव्हा ‘इग्रेजा’चे भाषांतर कोणी ‘देऊळ’ असे केले असते तर उताऱ्यातील चूक आपोआप नाहीशी झाली असती, आणि आम्हालाही वर्गात चुकण्याची संधी मिळाली नसती!

परंतु गंमत बाजूस ठेवून उताऱ्याच्या घडणीकडे पाहावे. या लेखकाची नजर प्रामाणिक आहे. चुकते ते त्याचे नाम. ‘चर्च’ हा शब्द त्याने एकदा वापरला, आणि त्यानंतर जे जे दिसले ते ते, शब्दाला अनुकूल असो वा प्रतिकूल, त्याने नोंदवून ठेवले. तीन काळे दगड त्याला गाळता आले असते. गवताचे छप्पर गाळता आले असते. ते त्याने गाळले नाही. शास्त्राभ्यासात ज्याला आपण मूळ साक्ष व संपादकीय संस्कार यांतील भेद म्हणतो, तो येथे एकाच वाक्यात आणि एकाच माणसाच्या हातून घडलेला दिसतो: साक्ष डोळ्यांची, संस्कार अपेक्षेचा. सुवार्तांचे परिच्छेद या रीतीने विलग करण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्यांना मंडळीच्या इतिहासाची साधने मात्र तशी वाचाविशी वाटत नाहीत, याचे आम्हास नवल वाटते. आम्ही स्वतः वाचली नव्हती.

ही अपेक्षा कोठून आली हे कळण्यासाठी त्याच दैनंदिनीत चार महिने मागे जावे लागते. मे १४९८ मध्ये कालिकतला सामुरीच्या भेटीस जात असता गामा व त्याचे सोबती यांना एका मोठ्या मंदिरात नेण्यात आले. त्यांनी ते चर्च मानले. आतील देवीची मूर्ती त्यांना मरियेची वाटली. अंगावर शिंपडलेले पाणी त्यांनी तीर्थजल समजून घेतले. भिंतींवरील चित्रांतील संतांचे दात ओठांबाहेर आलेले असून त्यांना चार-पाच हात आहेत, हेही दैनंदिनीकाराने निमूटपणे लिहिले. काश्तान्येदा या पुढील इतिहासकाराने याच प्रसंगी झ्वांव द सा या जहाजावरील लेखनिकाची हकीकत दिली आहे. गुडघे टेकताना त्याला शंका आली आणि त्याने मोठ्याने सांगून टाकले की, ही आकृती सैतानाची असेल तर माझी उपासना मात्र खऱ्या देवालाच आहे. गामा त्याच्याकडे पाहून हसला म्हणतात. आमच्या मते त्या संपूर्ण सफरीतील सर्वांत धर्मशास्त्रीय उद्गार हा होय, आणि तो काढणारा धर्मशास्त्रज्ञ नव्हता.

या माणसांना मूर्ख ठरविणे सोपे आहे. ते पूर्वेकडे निघाले ते मसाल्यांच्या शोधात आणि ख्रिस्ती लोकांच्या शोधात. प्रेस्तर जॉन नावाचा कोणी ख्रिस्ती राजा मुसलमानी जगाच्या पलीकडे राज्य करतो, या समजुतीवर युरोपच्या तीन शतकांची आशा टांगलेली होती. त्यांच्या मनातील जगात मुसलमान व ख्रिस्ती असे दोनच मोठे पक्ष होते. तेव्हा जो मुसलमान नाही, ज्याच्या मंदिरात घंटा, दिवे, मूर्ती व पुजारी आहेत, तो ख्रिस्ती, कदाचित थोडा बिघडलेला ख्रिस्ती, हे अनुमान त्यांच्या दृष्टीने निर्दोष होते. दैनंदिनीच्या शेवटी जोडलेल्या राज्यांच्या यादीत पूर्वेकडील एकामागून एक राजे ‘ख्रिस्ती’ म्हणून नोंदले आहेत. अंजदीवला येण्यापूर्वी थोडेच दिवस, हल्लीच्या उडुपीजवळील सेंट मेरी बेटांवर म्हणतात तेथे, गामाने मरियेच्या नावाचा दगडी स्तंभ उभारला. स्थानिक लोकांस विचारले असता त्यांनीही आनंद दर्शविला, कारण तेही ख्रिस्तीच आहेत, असे दैनंदिनीकार लिहितो. आपणच एका बेटावर क्रुसाचा दगड उभा करून निघालेला माणूस पुढच्या बेटावर दगड पाहतो आणि त्यांत चर्च ओळखतो!

अंजदीवची कथा येथेच संपती तर तिची नोंद एक विनोदी चूक म्हणून घेऊन थांबता आले असते. परंतु त्याच बेटावर, सुमारे दीडशे वर्षे आधी, दुसरा एक प्रवासी उतरला होता.

चौदाव्या शतकाच्या पाचव्या दशकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा विद्वान सिंदापूर, म्हणजे गोवे, सोडून दक्षिणेकडे जात असता एका लहान बेटावर थांबला. तेथे एक मंदिर, बाग व पाण्याचे टाके होते. बहुतेक अभ्यासक हे बेट म्हणजे अंजदीवच मानतात. मंदिराच्या भिंतीस टेकून, दोन मूर्तींच्या मध्ये, एक जोगी बसला होता. तो बोलेना. त्याने मोठ्याने आरोळी दिली, आणि एक नारळ झाडावरून खाली पडला. पैसे देऊ केले ते त्याने घेतले नाहीत. इब्न बतूताच्या हातात जपमाळ होती; ती जोग्याने हाती घेऊन न्याहाळली, तिचे चुंबन घेतले, मग आकाशाकडे बोट केले आणि नंतर मक्केच्या दिशेने. सोबत्यांस काही उमगले नाही. इब्न बतूतास मात्र उमगले: हा मनुष्य गुप्तपणे मुसलमान आहे व बेटावरील लोकांपासून आपला धर्म लपवून राहिला आहे. निघताना त्याने जोग्याच्या हाताचे चुंबन घेतले, तेव्हा सोबत्यांना ते रुचले नाही.

या दोन उताऱ्यांना शेजारी शेजारी ठेवून वाचले पाहिजे. बेट एक, मंदिर बहुधा एक, टाके एक. पश्चिमेकडून आलेल्या मुसलमानास तेथे लपलेला मुसलमान भेटला आणि पश्चिमेकडून आलेल्या ख्रिस्त्यास मोडलेले चर्च भेटले. जोगी कोण होता हे कोणी त्याच्या भाषेत त्याला विचारले नाही. तीन दगडांची नावे कोणी विचारली नाहीत. आणि विचारली असली तरी ती दैनंदिनीपर्यंत पोचली नाहीत. कोकणी व पोर्तुगीज यांच्यामध्ये त्या वेळी अरबीचा पूल होता, तोही जेमतेम. ‘मुसलमानांनी उद्ध्वस्त केले’ हे वाक्य कोणत्या तोंडून, किती तोंडांतून फिरून त्या पानावर आले असेल याचा विचार करावा; आणि तेवढ्या एका वाक्यावर आज कोणी काही बांधू पाहील तर त्याला सावध करावे. भग्नावशेष वाचणे हे आपल्या देशात निरुपद्रवी काम राहिलेले नाही.

प्रेषितांच्या कृत्यांच्या चौदाव्या अध्यायातील लुस्त्र येथील प्रसंग वाचकांस आठवला असेल. पंगू बरा झालेला पाहून लोकांनी बर्णबास झ्यूस व पौलास हर्मीस ठरविले. याजक बैल व फुलांच्या माळा घेऊन आला. तेथे परक्यांना आपल्या देवांच्या नावांनी ओळखले गेले, येथे परक्यांच्या देवांना आपल्या. मात्र लुस्त्रात ज्यांची चुकीची ओळख झाली ते बोलू शकत होते, आणि त्यांनी वस्त्रे फाडून ती दुरुस्त केली. दगडांना ती सोय नाही. म्हणून दगडांच्या बाबतीत वाचणाऱ्याची जबाबदारी वाढते.

आता आम्ही एक असे विधान करणार आहोत जे काही वाचकांस विचित्र वाटेल. गामाच्या चुकीपेक्षा तिची दुरुस्ती अधिक महाग पडली. कालिकतच्या मंदिरात, समजुतीने चुकून का होईना, ही माणसे गुडघे टेकून बसली. अंजदीवच्या काळ्या दगडांना त्यांनी हात लावल्याचे दैनंदिनी सांगत नाही. हे ख्रिस्ती नव्हेत, हे थोड्याच वर्षांत पोर्तुगीजांस कळले. कळले ते बरोबर कळले. आणि मग तिसवाडीत १५४० पासून, साष्टीत १५६७ मध्ये, जी मंदिरे पाडली गेली ती कोणाची आहेत याविषयी पाडणाऱ्यांना तिळमात्र शंका नव्हती. ओळख अचूक झाली, आदर गेला. या वस्तुस्थितीला आमच्यापाशी धर्मशास्त्रीय उत्तर तयार नाही. तथापि ज्या इतिहासलेखनात पहिली चूक हसण्यावारी नेली जाते व दुसरे अचूक ज्ञान एका ओळीत उरकले जाते, ते इतिहासलेखन आम्ही यापुढे विद्यार्थ्यांच्या हाती देणार नाही.

कोणी म्हणेल की दैनंदिनीचा उतारा सोडला तरी अंजदीवचा दुसरा पुरावा उरतो. तो असा. १५०५ मध्ये पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मैद याने बेटावर किल्ला बांधावयास घेतला. पाया खणताना रंगविलेल्या क्रुसांचे अवशेष सापडले व त्यावरून येथे पूर्वी ख्रिस्ती वस्ती होती असे ठरले, अशी हकीकत पोर्तुगीज इतिहासांतून उतरत आली आहे. ही हकीकत आम्ही सरसकट फेटाळत नाही. कोकणात पोर्तुगीजांपूर्वी ख्रिस्ती होते, यात संशय नाही. सहाव्या शतकात काझ्मास या ग्रीक प्रवाशाने ‘कल्लिआना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले. ते कल्याण आपले की दुसरे यावर वाद आहे. वाद नाही तो ठाण्याविषयी: १३२१ मध्ये तेथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तेव्हा ते नेस्तोरी ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी उतरले होते, आणि मागे राहिलेल्या जॉर्डानसने त्यांची प्रेते सोपाऱ्यास नेऊन पुरली. २००१ मध्ये गोव्यात आगशीजवळ पहलवी अक्षरे कोरलेला क्रूस मिळाला; चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर १५४७ मध्ये मिळालेल्या क्रुसाच्या जातीचा तो आहे. म्हणजे अंजदीवला क्रूस मिळणे अशक्य नव्हते.

परंतु अशक्य नसणे म्हणजे घडणे नव्हे. आगशीचा दगड आपल्यापुढे आहे, अक्षरे आहेत, ती वाचता येतात. अंजदीवच्या क्रुसांविषयी आपल्या हाती आहे ते एक वाक्य, आणि तेही ज्यांनी सात वर्षे आधी त्याच बेटावर चर्च पाहून ठेवले होते त्यांच्या देशबांधवांचे. खरा पुरावा कसा असतो हे पाहावयाचे असेल तर समुद्राच्या त्याच वाटेने पश्चिमेस जावे. अबू धाबीच्या सर बनी यास बेटावर १९९२ मध्ये पूर्वेकडील मंडळीचा एक मठ उजेडात आला: चर्चचा आराखडा, भोवतीच्या खोल्या, गिलाव्यात घडविलेले क्रूस. त्याचा काळ आता सातव्या-आठव्या शतकांचा मानतात. उम्म अल-कुवैनच्या सिनिया बेटावर, वाळू व खाऱ्या दलदलीच्या सान्निध्यात, असाच मठ सापडल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. त्या मठांतील साधूंचे जातभाई भारताकडे येत-जात असत. आम्हाला ओहोटीच्या जमिनीवरील प्राचीन ख्रिस्ती अवशेष हवे होते. ते आहेत, फक्त आपल्या नकाशावर नाहीत. आणि विद्वानही आमच्यासारखेच फसतात, हा दिलासा टिंटॅजेलने दिला. कॉर्नवॉलच्या त्या जवळजवळ बेटच असलेल्या कड्यावरील पडक्या भिंतींना १९३० च्या दशकात रॅडफर्ड या नामांकित उत्खननकाराने प्राचीन केल्टिक मठ ठरविले. पन्नास वर्षे पाठ्यपुस्तकांतून तेच शिकविले गेले. मग पुनर्तपासणीत मठ नाहीसा झाला आणि तेथे सत्ताधाऱ्यांचा एक संपन्न गड उरला.

मग अंजदीवचे दगड कोणाचे? त्यांचे नाव त्या उताऱ्यात नाही, पण बेटाविषयी एक स्मृती किनाऱ्यावर जिवंत आहे. अंकोल्याच्या आर्यादुर्गेचे मूळ स्थान अंजदीव, तेथून देवी मुख्य भूमीवर आणली गेली, असे तिचे भक्त परंपरेने सांगतात. बेटाचे नावही ते तिच्याच नावाशी जोडतात. राजापूर तालुक्यातील देवीहसोळची आर्यादुर्गा कोकणातील मराठी वाचकांस ठाऊकच आहे. देव उचलून नदीपलीकडे न्यावा लागणे हा गोव्याच्या अनेक कुळांचा अनुभव. ते तीन पाषाण आर्यादुर्गेचेच होते असे आम्ही म्हणणार नाही, कारण तसे म्हणणे म्हणजे जुन्या चुकीच्या जागी नवी बसविणे. परंतु आम्ही वर्गात ‘येथे प्राचीन चर्च होते’ असे म्हटले, तेव्हा या स्मृतीचा उल्लेखदेखील केला नव्हता. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा केवळ न्यायालयापुरती आहे काय?

आमच्या शहराजवळच या संदर्भात पाहण्याजोगा एक दगड आहे. विदिशेला, भोपाळपासून साठ किलोमीटरच्या आत, बेसनगरचा स्तंभ उभा आहे. आसपासचे लोक त्याला खांबबाबा म्हणून पूजत, शेंदूर लावीत. १८७७ मध्ये कनिंगहॅमसारख्या मुरलेल्या संशोधकाने तो पाहिला, पण शेंदराच्या थरांमुळे लेख त्याच्या नजरेस आला नाही व त्याने स्तंभाचा काळ कित्येक शतके अलीकडचा धरला. १९०९ मध्ये शेंदूर निघाला, आणि खाली ब्राह्मी अक्षरे निघाली: तक्षशिलेचा ग्रीक राजदूत हेलिओडोरस याने वासुदेवाप्रीत्यर्थ हा गरुडध्वज उभारला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात आलेला हा परका वासुदेवात झ्यूस ओळखून थांबला नाही. त्याने देवाचे नाव त्या देवाच्या लोकांच्या भाषेत लिहिले. आम्ही ख्रिस्ती आहोत व हेलिओडोरसची निष्ठा आमची नाही. पण परक्याच्या पवित्र स्थळी उभे राहण्याची त्याची रीत दैनंदिनीकाराच्या रीतीहून सरस होती, हे मान्य करण्यात आमचे काही जात नाही.

प्राचीनतेची ही तहान आमच्या मंडळीला का लागावी, हेही बोलून टाकलेले बरे. भोपाळच्या बूर्बाँ घराण्याची कथा येथील प्रत्येक ख्रिस्त्यास ठाऊक आहे. अकबराच्या दरबारी आलेल्या कोणा फ्रेंच राजपुत्रापासून हे घराणे निघाले असे सांगतात. १८६७ च्या सुमारास येथे आलेल्या लुई रूसले या प्रवाशाने ती कथा युरोपात नेली. त्या राजवंशाचा धागा सिद्ध झालेला नाही. सिद्ध आहे ते हे, की या घराण्यातील माणसांनी भोपाळ संस्थानात मोठ्या पदांवर सेवा केली आणि जहांगीराबादेतील सेंट फ्रान्सिस चर्च त्यांच्या दातृत्वातून उभे राहिले. लोकांना मात्र पहिलीच गोष्ट सांगावयास आवडते. ज्यांना पदोपदी ‘तुम्ही बाहेरचे’ असे ऐकावे लागते त्यांना जुनी भिंत व मोठा पूर्वज यांचा आधार वाटतो, हे आम्ही समजू शकतो. आमच्या त्या दिवशीच्या उत्तरातही तेच होते. परंतु नागरिकत्व भिंतीच्या वयावर ठरू लागले तर आपल्यापेक्षा जुनी भिंत दाखविणारा नेहमीच कोणीतरी निघेल.

आणि अंजदीवला ख्रिस्ती इतिहास नाही असे थोडेच आहे! तो आहे, फक्त तो सुखाचा नाही. १५०० मध्ये काब्रालचे आरमार तेथे थांबले व सोबतच्या फ्रान्सिस्कन साधूंनी बेटावर मिस्सा केली. आल्मैदचा किल्ला दोन वर्षेही टिकला नाही. ब्रोतशच्या मातेचे, म्हणजे झऱ्यांच्या मातेचे, मंदिर बेटावर झाले. पाण्यासाठी थांबणाऱ्या जहाजांच्या बेटाला हे नाव शोभून दिसते. १६६१ च्या विवाह-तहाने मुंबई इंग्लंडच्या राजास मिळाली, पण गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ताबा देण्यास नकार दिला. तेव्हा सर एब्रहॅम शिपमन आपल्या सैनिकांसह अंजदीववर येऊन पडला. ताप, उपासमार व दारू यांनी ती तुकडी झिजली. शिपमन स्वतः १६६४ मध्ये तेथेच मेला. फेब्रुवारी १६६५ मध्ये हंफ्री कुकने मुंबईचा ताबा घेतला तेव्हा शेकडोंपैकी जेमतेम शंभराच्या आसपास उरले होते. मुंबईच्या इतिहासाची पहिली इंग्रज थडगी अशी अंजदीववर आहेत. १६८२ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी बेट घेण्याचा बेत केला, तेव्हा पोर्तुगीजांनी घाईने तेथे पुन्हा तटबंदी उभारली. पुढे बेटावर कैदी पाठविले जात. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी येथे उतरताना भारतीय नौदलाचे सात जण कामी आले. २ फेब्रुवारीस मातेच्या सणाला आणि ४ ऑक्टोबरला संत फ्रान्सिसच्या सणाला काणकोण व कारवारकडील भाविक होड्यांतून बेटावर जात. नौदलाच्या तळासाठी बेट घेतले गेले आणि हे जाणे बंद पडले. तळाच्या लाटारोधक बांधाने आता ते मुख्य भूमीस जोडले गेले आहे; म्हणजे कोणत्याही ओहोटीवाचून तेथे पोचता येईल, फक्त सामान्य माणसाला परवानगी नाही. आपल्या देवीचे मूळ स्थान पाहू इच्छिणारा अंकोल्याचा भक्त आणि मातेच्या सणाला जाऊ इच्छिणारा काणकोणचा ख्रिस्ती, दोघेही आज त्याच किनाऱ्यावर, त्याच कुंपणाबाहेर उभे आहेत.

गेल्या वर्गात आम्ही फळ्यावरील कालपट पुन्हा काढला. ‘अंजदीव, प्राचीन चर्च’ ही ओळ पुसून तिच्या जागी ‘ठाणे, १३२१’ असे लिहिले. ज्याने मूळ प्रश्न विचारला होता तो विद्यार्थी आता भोपाळात नाही. त्याला पत्राने कळविले आहे.